कोयीची साक्ष

आमच्या अष्टमी गावात कुठेही खणा, काळा कातळच लागतो. विहीर असो, घराचा पाया असो की रस्त्यासाठी कापलेली टेकडी, वरचा मुरूम निघाला की खाली बेसॉल्ट. कुंडलिकेच्या पात्रात तोच, पलीकडे रोह्यात तोच, अवचितगडाच्या कड्यातही तोच. वितळलेल्या लाव्ह्याचा दगड हा, त्यात पान टिकत नाही, हाड टिकत नाही. जीवाश्मांवर पोट भरायचं असेल तर अष्टमीत जन्म घेऊ नये, असं मी विद्यार्थ्यांना गमतीनं सांगत आले. मी मात्र घेतला आणि नोकरीची सगळी वर्षं फळांच्या दगड झालेल्या कोयी कापण्यात घालवली.

रोहा हे कोकण रेल्वेचं सुरुवातीचं टोक. मला मात्र उलट्या दिशेला, थेट नागपूरला जावं लागलं, कारण दख्खनच्या कातळातली फळं तिकडे, पूर्वेच्या कडेला सापडतात. हा कातळ आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे आणि सह्याद्रीत त्याची जाडी दोन किलोमीटरच्याही वर जाते. हे सगळं एका दमात बाहेर पडलेलं नाही. एक लाव्हा आला, थंड झाला, त्यावर माती झाली, कुठे तळं साचलं, झाडं उगवली, मग पुढचा लाव्हा आला. आमच्याकडे या मधल्या काळाची खूण म्हणजे दोन काळ्या थरांच्या मधला लालसर मातीचा पट्टा. घाटातून एसटीनं जाताना तो सगळ्यांनी पाहिलेला असतो, फक्त कोणी विचारलेलं नसतं. मुंबईत वरळी आणि मलबार हिलच्या टेकड्यांमध्ये अशाच मधल्या थरांत बेडकांचे आणि कासवांचे अवशेष मिळाले. नागपूर, वर्धा, चंद्रपूर, छिंदवाडा या पट्ट्यात मात्र मधल्या थरांत तळी होती, दलदली होती आणि पाण्यात विरघळलेली सिलिका भरपूर होती. पाण्यात पडलेल्या फळाच्या पेशीपेशीत ती सिलिका शिरली आणि फळाची गारगोटी झाली. आम्ही या दगडाला चर्ट म्हणतो आणि थरांना इंटरट्रॅपियन. मराठी पुस्तकांत ‘आंतरट्रॅपी’ असा शब्द असतो, तो मी परीक्षेच्या पेपराबाहेर कोणाच्या तोंडून ऐकलेला नाही.

छिंदवाडा जिल्ह्यातलं मोहगाव कलान हे आमच्या धंद्याचं तीर्थ. तिथे पहिल्यांदा जाणारा हिरमुसतो. कडा नाही, दरी नाही, नांगरलेली शेतं आहेत. नांगराला लागलेले दगड शेतकऱ्यांनी उचलून बांधावर टाकलेले असतात आणि आपण त्या बांधावर बसून हातोडी चालवायची. चांगला चर्ट हातोडीखाली खणखणतो आणि धारदार फुटतो. फुटलेल्या तोंडावर पाणी शिंपडून भिंगातून पाहायचं. बहुतेक वेळा काही नसतं. कधी मुळांचं जाळं असतं, कधी ताडाच्या खोडाचे ठिपके. आणि कधी तरी तांदळाएवढ्या किंवा बोराएवढ्या जागेत नीट आखलेला गोल दिसतो, आत कप्पे, कप्प्यांत बिया. पहिल्यांदा असा गोल पाहिला तेव्हा वाटलं, हे कोणी तरी रंगवलंय.

खरं काम पुढे, प्रयोगशाळेत. दगड करवतीनं कापायचा, कार्बोरंडमच्या पुडीवर घासून तोंड गुळगुळीत करायचं आणि हायड्रोफ्लोरिक आम्लात क्षणभर धरायचं. आम्ल सिलिका खातं, पेशींच्या भित्ती सुतभर वर उभ्या राहतात. मग धुऊन, वाळवून, वर ॲसिटोन ओतून ॲसिटेटचा पातळ कागद बसवायचा. सुकला की सोलून काढायचा. पेशींचा ठसा कागदावर येतो, यालाच पील म्हणतात. पुन्हा घासायचं, पुन्हा आम्ल, पुन्हा पील. एक फळ असं वरपासून खालपर्यंत सोलत गेलं की शेवटी हातात पीलांची चवड राहते आणि फळ संपलेलं असतं. हे आम्ल कातडीखाली शिरून हाडापर्यंत पोचतं, म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेटची मलमाची नळी हाताशी असल्याशिवाय मी कोणालाही बाटलीचं झाकण उघडू दिलं नाही. आता सीटी स्कॅन आहे. दगड न फोडता फळ आतून फिरवून बघता येतं. तरीही पेशी पाहायची असेल तर पीलला पर्याय नाही, असं माझं मत आहे आणि ते माझ्या वयामुळे नाही.

फळांतही टिकते ती कोय. गर सडतो, साल जाते, पण बियांभोवतीचं लाकडी कवच महिनोन्‌महिने पाण्यात राहतं, तेवढ्यात सिलिकाला तिचं काम करायला वेळ मिळतो. आंब्याच्या दिवसांत उकिरड्याकडे पाहिलेल्या माणसाला हे वेगळं शिकवावं लागत नाही. आणि कवचाची घडण कुळागणिक वेगळी असते. द्राक्षाच्या बीला पोटाच्या बाजूला दोन खाचा आणि पाठीवर एक वाटोळी खूण असते, ती दुसऱ्या कोणात नाही. पानावरून कूळ सांगताना दहा जण दहा नावं घेतात. कोयीवर वाद कमी होतात. म्हणूनच दीडशे वर्षांहून अधिक काळ भूवैज्ञानिकांना वाटत आलं की कोय ओळखता आली म्हणजे कातळाचं वयही सांगता येईल.

या आशेचा इतिहास नागपुरातच सुरू होतो. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी धर्मप्रचारासाठी आला आणि फावल्या वेळात नागपूरच्या आसपासचे दगड गोळा करत सुटला. आज त्याच्या नावाचं कॉलेज शहरात आहे. रॉबर्ट हंटर या सहकाऱ्याबरोबर १८५५ मध्ये त्यानं नागपूरच्या भूविज्ञानावर निबंध छापला. टाकळीच्या बाजूची फळं, बिया, शिंपले पाहून हिस्लॉपनं हे थर टर्शरी, म्हणजे डायनासोर संपल्यानंतरच्या काळातले ठरवले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या मंडळींचा कल दुसरीकडे होता. ट्रॅपच्या, म्हणजे दख्खनच्या या काळ्या कातळाच्या, तळाशी असलेल्या लामेटा थरांत डायनासोरची हाडं मिळत होती, त्यामुळे ट्रॅप डायनासोरांच्या शेवटच्या काळातला, क्रिटेशसच्या अखेरीचा असावा, असा त्यांचा हिशेब.

हा वाद १९३०च्या दशकात पुन्हा पेटला तो एका फळामुळे. मोहगाव कलानमधून के. पी. रोडे यांनी नीपाचं अश्मीभूत फळ वर्णन केलं. नीपा म्हणजे खारट पाण्यात, खाडीच्या चिखलात वाढणारी ताडाच्या कुळातली वनस्पती. खोड चिखलात आडवं, पानं तेवढी वर. सुंदरबनात तिला गोलपाता म्हणतात आणि तिच्या पानांनी घरं शाकारतात. आमच्या कुंडलिकेच्या खाडीत तिवर आहे, कांदळ आहे, नीपा नाही. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर ती आज कुठेच आपसूक वाढत नाही. पण पूर्वी होती, रत्नागिरीच्या लिग्नाइटमध्ये तिची पानं मिळाली आहेत.

तर हे नीपाचं फळ बिरबल सहानींच्या हाती आलं. लखनौचे सहानी तेव्हा देशातले पहिल्या फळीचे पुरावनस्पतीशास्त्रज्ञ. आणि योगायोग असा की १९३३ मध्येच इंग्लंडमध्ये एलिनॉर रीड आणि मार्जरी चँडलर या दोघींचा लंडन क्ले या चिकणमातीच्या थरातल्या फळांवरचा जाडजूड ग्रंथ आला होता. टेम्सच्या मुखाशी शेपी नावाचं बेट आहे, तिथल्या चिखलातून नीपाची फळं ढिगानं निघतात. गंधक-लोहाच्या खनिजानं भरलेली. तिथले लोक त्यांना दगडी अंजीर म्हणत. (ही फळं संग्रहालयात हवेतल्या ओलीनं भुगा होतात, त्यांना तेलात बुडवून ठेवावं लागतं. आमची गारगोटी कोकणच्या पावसातही मजेत राहते, एवढा अभिमान मला करू द्या.) लंडन क्ले इओसीन काळातला, सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीचा, हे पक्कं होतं. मग सहानींचा तर्क सरळ चालला: नीपा इओसीनची, ती ट्रॅपच्या मधल्या थरात सापडते, तेव्हा ट्रॅपही इओसीनचा. १९३४ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये त्यांनी हाच प्रश्न मथळ्यात घालून लेख लिहिला. रोडे आणि सहानींचा मोहगाववरचा एकत्र निबंध १९३७चा. आणि १९४० मध्ये मद्रासच्या सायन्स काँग्रेसमध्ये अध्यक्षीय भाषणाला त्यांनी हाच विषय घेतला, ट्रॅप हा टर्शरी युगातला प्रसंग आहे असं ठामपणे मांडत.

मी ते भाषण एमएस्सीला असताना ग्रंथालयात बसून वाचलं. आजही वाटतं, विज्ञानाचं लेखन असं असावं. तळी, ताड, लाव्ह्याच्या पुढे सरकणाऱ्या जिभा, सगळं डोळ्यांपुढे उभं राहतं. निष्कर्ष मात्र चुकलेला आहे. हे वाचतानाच मला ठाऊक होतं, कारण तोपर्यंत किरणोत्सारी घड्याळं आली होती. अर्गॉनच्या समस्थानिकांवरून बेसॉल्टचं वय काढता येऊ लागलं. दगडात गोठलेली चुंबकीय दिशा जगभरच्या चुंबकीय इतिहासाशी जुळवता येऊ लागली. १९८०च्या दशकाअखेर चित्र स्पष्ट झालं: ट्रॅपचा मोठा भाग साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा, क्रिटेशस आणि पुढच्या पेलिओसीनच्या सांध्यावरचा. म्हणजे सर्वेक्षणाचे जुने लोक बरेचसे बरोबर निघाले आणि सहानी कोटी-दीड कोटी वर्षांनी चुकले.

विद्यार्थ्यांना हा किस्सा सांगितला की ते हसतात. मोठ्या माणसाची चूक सापडली की बरं वाटतं. मी त्यांना विचारायची, तर्कात नेमकी कुठे भेग आहे ते दाखवा. ओळख बरोबर होती: फळ नीपाचंच आहे. श्यामला चितळे आणि नंबूदिरी यांनी १९९५ मध्ये नवे नमुने कापून त्याची अंतर्रचना पुन्हा तपासली. कवचाच्या आत बीच्या पोटात घुसणारा उभा कणा असतो, तो नीपाचा. लंडन क्लेचं वयही बरोबर होतं. भेग आहे ती ‘नीपा इओसीनची’ या दोन शब्दांत. नीपा इओसीनमध्ये लंडनला होती, एवढंच शेपीच्या चिखलावरून कळतं. ती त्याआधी दुसरीकडे नव्हती, हे नाही कळत. पुढे उष्ण प्रदेशांतल्या क्रिटेशसच्या अखेरच्या थरांत नीपासारखे काटेरी परागकण ब्राझीलपासून बोर्निओपर्यंत मिळाले. म्हणजे नीपा आधी इथे, विषुववृत्ताच्या अंगानं होती आणि इओसीनमध्ये जग तापलं तेव्हा लंडनला पोचली. आपण युरोपातल्या पाहुण्याच्या आगमनाची तारीख तिची जन्मतारीख धरली.

कालदर्शक जीवाश्माला काय लागतं हे पाठ्यपुस्तकात असतं: थोडा काळ जगलेला, लांबवर पसरलेला, भरपूर मिळणारा, चटकन ओळखू येणारा. कोय चौथीच कसोटी धड पार करते. नीपाचं कूळ क्रिटेशसपासून आजतागायत आहे, तेव्हा पहिली कसोटी निकालात. भरपूर म्हणावं तर एका बांधावर दिवस घालवून एक मिळेल. शिवाय नीपाचं फळ पाण्यावर तरंगत, तरंगताना अंकुर काढत दूर जातं. आणि जो टणकपणा कोयीला टिकवतो तोच दगाही देतो. जुन्या थरातून धुपून निघालेली कठीण कोय नव्या गाळात जाऊन बसू शकते आणि तिच्याबरोबर तिचं वय येतं, थराचं नाही. म्हणून थरांची कालगणना परागकणांकडे गेली. ते चमचाभर मातीत हजारोंनी मिळतात. नागपुरात बंदना सामंत आणि धनंजय मोहबे यांनी मध्य भारतातल्या इंटरट्रॅपियन थरांतले परागकण पाहून क्रिटेशसकडून पेलिओसीनकडे वनस्पती कशा बदलत गेल्या ते थरांच्या क्रमानं लावलं. कोयवाल्यांना त्यात दुय्यम जागा आहे, हे मान्य करायला मला काही वर्षं लागली.

आणि खऱ्या अर्थानं बारीक कालगणना कुठून आली? लाल मातीच्या त्या पट्ट्यातून. २०१५ मध्ये ब्लेअर शोएन आणि सहकाऱ्यांनी सह्याद्रीतल्या लाल थरांतून झिरकॉनचे कण वेगळे केले. ज्वालामुखीच्या राखेबरोबर पडलेले, साध्या डोळ्याला न दिसणारे स्फटिक. त्यांतल्या युरेनियम आणि शिशाच्या प्रमाणावरून त्यांनी मांडलं की उद्रेकाचा मुख्य टप्पा क्रिटेशस संपायच्या सुमारे अडीच लाख वर्षं आधी सुरू झाला आणि साडेसात लाख वर्षांत आटोपला. नेरळ, पोलादपूर ही नावं जगभरच्या निबंधांत लाव्ह्याच्या थरगटांची नावं म्हणून येतात. रायगडच्या माणसाला ती वाचताना एसटीचा फलक वाचल्यासारखं होतं. जीवाश्म नाहीत म्हणून मी ज्या कातळाला नाकं मुरडत घर सोडलं, त्याच जातीच्या कातळात काळ मोजायचं साधन निघालं. चिडायचं की हसायचं, ठरवता येत नाही.

पण सहानींच्या नीपाची बाजू इथे संपत नाही, आणि मला जे सांगायचं आहे ते हेच. फळानं काळाची साक्ष चुकीची दिली, कारण ती साक्ष फळाची नव्हतीच, लंडनहून उसनी आणलेली होती. जागेबद्दल मात्र ते स्वतःच्या अंगानं बोलत होतं. नीपा खाऱ्या-गोड्या पाण्याच्या संगमावर वाढते. मग छिंदवाड्यात खाडी? आज तिथून समुद्र कुठल्याही बाजूला ६०० किलोमीटरहून लांब. सहानींनी ही सूचना गांभीर्यानं घेतली होती. पुष्कळांना ती ओढूनताणून वाटली: फळ तरंगत आलं असेल, किंवा तेव्हाची नीपा गोड्या पाण्यात वाढत असेल. मग २००९ मध्ये गेर्टा केलर आणि भारतीय सहकाऱ्यांनी छिंदवाडा जिल्ह्यातल्याच झिलमिली गावाच्या इंटरट्रॅपियन थरात समुद्रात तरंगणारे फोरॅमिनिफेरा नावाचे सूक्ष्म जीव सापडल्याचं छापलं, पेलिओसीनच्या अगदी सुरुवातीचे. समुद्राचा फाटा नर्मदा-तापीच्या बाजूनं आत आला की गोदावरीच्या, यावर अजून मतं वेगळी आहेत. झिलमिलीचा थर मोहगावचा थर नव्हे, हेही ध्यानात ठेवायचं. पण इतक्या आत समुद्राची चाहूल होती, हे फळ सत्तर-पंचाहत्तर वर्षं आधी सांगून बसलं होतं. तो निबंध आला त्या दिवशी मी वर्ग लवकर सोडला आणि मोहगावचा जुना खोका काढून बसले.

दुसरी गंमत हिशेब उलटल्याची. पूर्वी कोयीवरून कातळाचं वय काढायचं होतं. आता कातळावरून कोयीचं वय निघतं आणि त्यामुळे कोयीची किंमत वाढली. इओसीनच्या समजात असताना आमची फळं लंडन क्लेच्या फळांची दूरची भावंडं होती, थोडी गरीब. साडेसहा कोटी वर्षं जुनी म्हटल्यावर तीच काही कुळांची जगातली आद्य फळं ठरू लागली. भंडाऱ्याचे दशरथ कापगते, फ्लोरिडाचे स्टीव्हन मँचेस्टर आणि जुन वेन यांनी २०१३ मध्ये दख्खनच्या चर्टमधून द्राक्षकुळातलं फळ वर्णन केलं, तोवर माहीत असलेलं त्या कुळातलं सर्वांत जुनं. पोटावर दोन खाचा, पाठीवर वाटोळी खूण, सगळं जागच्या जागी. नाव ठेवलं इंडोव्हायटिस चितळेई. नागपुरात आयुष्याचा मोठा भाग शिकवून, मग क्लीव्हलँडच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात पुरावनस्पती विभाग उभा करणाऱ्या श्यामला चितळेंचं नाव. त्याच वर्षी त्या गेल्या. द्राक्ष म्हटलं की नाशिक आठवणाऱ्या आपल्या लोकांना हे सांगितलं की विश्वास बसत नाही: द्राक्षाच्या प्राचीन नातलगाची बी नागपूरच्या बाजूच्या गारगोटीत.

कपाटात अजून नाव न ठेवलेली फळं आहेत. काहींचे पील झाले, कूळ लागत नाही. सहानींनीच अशा एका आठ कप्प्यांच्या फळाला एनिग्मोकार्पन असं नाव ठेवलं होतं, कोड्यात टाकणारं म्हणून. त्याचं फूल पुढे शुक्लांनी वर्णन केलं, १९४४ मध्ये, आणि ते मेंदी-बोंडाऱ्याच्या कुळातलं ठरलं. इतर कोडी तशीच आहेत.

अडचण आता कूळ ओळखण्याची कमी आणि पत्त्याची जास्त आहे. बांधावरचा दगड सुटा असतो. तो कुठल्या लाव्ह्याच्या वरचा, कुठल्याच्या खालचा, हे दगड सांगत नाही. चर्टच्या खाली-वर असलेल्या बेसॉल्टचं वय कितीही बारीक काढलं तरी दगड त्या जागी पाहिलेला नसेल तर ते वय फळाला लावायचं कसं? म्हणून गावात कोणी विहीर खणतंय म्हटलं की मी धावत असे. विहिरीत काळा दगड किती, मग चर्ट किती, मग पुन्हा काळा दगड, असं फुटाफुटानं मोजून घेता येतं. एकदा एका शेतकऱ्यानं विचारलं, “बाई, पाणी लागलं नाही तरी तुम्ही खूश कशा?” त्याला पाणी हवं होतं, मला कोरडी भिंत.

माझ्याकडे पीएचडी करून गेलेला एक जण हल्ली फोनवर भांडतो. त्याचं म्हणणं, मॅडम, पन्नासेक ठिकाणचे थर खालच्या-वरच्या बेसॉल्टसकट नीट मोजले, तर कुठल्या कोयी सांध्याच्या आधी होत्या आणि कुठल्या नंतर आल्या हे कळेल. मग निदान दख्खनपुरतं कोयीवरून कातळाचं वय पुन्हा सांगता येईल, लंडनकडे न बघता. मी म्हणते, येईल कदाचित, पण आधी पन्नास विहिरी आण. त्यानं आजवर अकरा आणल्या आहेत. त्यांतल्या दोन विहिरींत वरचा लाव्हा झिजून गेलेला आहे, त्या मी धरत नाही. तो धरतो.